तीन संगणक आणि १४ ऑक्टोबर

संगणक बदलायचा की नाही, हा प्रश्न आता आपल्यासारख्यांच्या घरातही येऊ लागला आहे. पूर्वी असा प्रश्न पंख्याचा यायचा, मिक्सरचा यायचा. पण पंखा बंद पडल्यावर बदलायचा असतो. संगणकाचे तसे नाही. तो चालू असतो, त्यावर रोजचे काम होत असते, आणि तरीही कोणीतरी येऊन सांगतो की अमुक तारखेनंतर हा धोक्याचा आहे, नवा घ्या. ही तारीख कोण ठरवते, तिच्यात खरे किती आणि आपण तिला किती घाबरायचे, याचा विचार आमच्या वस्तीला २०२५ च्या पावसाळ्यात करावा लागला. तो कसा केला ते लिहून काढा, इतर वस्त्यांनाही उपयोगी पडेल, असे आमच्या महिला मंडळाच्या ताईंनी बजावले. म्हणून हा लेख. मी काही संगणकतज्ज्ञ नाही. बी.कॉम. झालो, एका पतपेढीत लेखनिक आहे आणि संध्याकाळी कल्याण पूर्वेतल्या आमच्या अभ्यासिकेचा हिशेब लिहितो. हिशेब लिहिणाऱ्याच्या नजरेला जे दिसले तेवढेच सांगतो.

अभ्यासिका म्हणजे समाजमंदिरामागची एक खोली. दोन लांब टेबले, पुस्तकांचे एक कपाट आणि तीन संगणक. त्यातले दोन २०२१ साली एका कार्यालयाने काढून टाकले तेव्हा आम्ही प्रत्येकी ६,००० रुपयांना घेतले. दोन्हींवर विंडोज १०. तिसरा त्याहून म्हातारा, विंडोज ७ वाला. त्याची गोष्ट पुढे सांगतो.

या तीन यंत्रांवर काय चालते? जून उजाडला की भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे महाडीबीटीवरचे अर्ज. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी. सीईटीचे प्रवेश. कंत्राटी कामगाराचा भविष्य निर्वाह निधी काढायचा असेल तर तेही इथेच. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी सुरू झाले तेव्हा रांग समाजमंदिराच्या पायरीपर्यंत गेली होती. म्हणजे ज्या संगणकावर आपण टाईमपास म्हणून गाणी लावतो, तो हा संगणक नव्हे. इथे माणसे आपले आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि मोबाईलवर आलेला ओटीपी दुसऱ्याच्या भरवशावर देतात. हे लक्षात ठेवा, कारण सगळा निर्णय याच गोष्टीवर फिरला.

पैशाचे म्हणाल तर ११० घरे, दरमहा घरटी २० रुपये, म्हणजे २,२०० रुपये. त्यातून वीज, इंटरनेट, कागद, शाई. ऑगस्ट २०२५ अखेर शिल्लक ४१,६०० रुपये. वाचायला हा आकडा बरा वाटतो. पण प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्ती हातात आलेली नसते आणि महाविद्यालय मात्र आजच्या आज पैसे भरा म्हणते. त्या वेळी मुलाला जास्तीत जास्त ५,००० रुपये बिनव्याजी उसने द्यायचे, शिष्यवृत्ती आली की त्याने परत करायचे, असा आमचा नियम आहे. त्या वर्षी रांगेत चार मुले होती. म्हणजे २०,००० रुपये बोलून ठेवलेले. हातात उरले २१,६००.

अशात एक दुकानदार कोटेशन घेऊन आला. तीन नवे संगणक, १,१४,००० रुपये, सुलभ हप्ते. वर म्हणाला, ‘‘१४ ऑक्टोबरनंतर तुमचे हे डबे बंद पडतील, साहेब.’’ मला साहेब म्हणणारा माणूस दिसला की मी पाकीट आत ढकलतो. मी म्हटले, ‘‘बंद पडतील म्हणजे? सुरूच होणार नाहीत?’’ त्याने उत्तर दिले नाही, व्हिजिटिंग कार्ड दिले.

खरी गोष्ट काय होती ती आधी समजून घेऊ. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा मुकादम. टायपिंगचा प्रोग्राम, प्रिंटर, इंटरनेटचा ब्राउझर, हे सगळे गडी. कोणाला किती जागा द्यायची, कोणाला आत सोडायचे, कोणाला दारातच अडवायचे, हे मुकादम बघतो. विंडोज १० हा मुकादम २९ जुलै २०१५ रोजी कामावर आला. त्याला बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने जाहीर केले होते की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याच्या मोफत दुरुस्त्या बंद. हे काही पहिल्यांदा घडत नव्हते. विंडोज एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० ला. दुरुस्त्या थांबल्या म्हणून संगणक बंद पडत नाही. १५ ऑक्टोबरला बटण दाबले की तो नेहमीसारखाच सुरू होतो. फरक एवढाच, की चोरांनी कुलुपाची नवी खुबी शोधून काढली तर कुलूप बदलून द्यायला कोणी येत नाही.

‘‘मग आपल्या खोलीत चोरायला आहे काय?’’ असे एका काकांनी बैठकीत विचारले. प्रश्न रास्त आहे, आपल्या माणसाला हाच सुचणार. पण हे चोर घर बघून येत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा प्रोग्राम जगभर पसरला. संगणकात शिरायचा, सगळ्या फायली कुलूपबंद करायचा आणि खंडणी मागायचा. दीडशेच्या आसपास देशांत त्याने धुमाकूळ घातला. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आणि ज्या फटीतून तो आत शिरत होता, ती बुजवण्याची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्येच निघाली होती! ज्यांनी ती बसवून घेतली नव्हती ते सापडले. ज्या मुकादमासाठी दुरुस्तीच निघत नाही, त्याच्या बाबतीत तर बसवायचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी अडचण हळू येते, पण हमखास येते. ती आम्ही आमच्या विंडोज ७ च्या संगणकावर पाहिली होती. त्याच्या दुरुस्त्या २०२० साली थांबल्या तरी काम चालूच होते. मग २०२३ च्या सुरुवातीला क्रोम ब्राउझरने विंडोज ७ साठी नव्या आवृत्त्या काढणे बंद केले. त्यानंतर एकेक संकेतस्थळ कुरकुर करू लागले. कुठे पान अर्धेच दिसते, कुठे ‘ब्राउझर अद्ययावत करा’ अशी पाटी येते. आधी मुकादमाची दुरुस्ती जाते, मग ब्राउझर जातो, मग सरकारी अर्जाचे पान जाते. दुकानदाराची भीती खोटी होती, पण ‘काही होत नाही, चालू द्या’ म्हणणाऱ्या मंडळींचेही सगळे खरे नव्हते.

मग सरळ विंडोज ११ का घेऊ नये? ती ५ ऑक्टोबर २०२१ ला आली आणि पात्र संगणकाला विंडोज १० वरून फुकट मिळत होती. घोळ ‘पात्र’ या शब्दात आहे. तिला संगणकात टीपीएम २.० नावाची सोय लागते. ही एक छोटी तिजोरी समजा, हार्डडिस्कपासून वेगळी, जिच्यात गुप्त किल्ल्या ठेवतात. आमच्या पतपेढीत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, एकट्याला तिजोरी उघडता येत नाही, तशातला प्रकार. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागाही लागते. ती आमच्याकडे होती. अडले ते प्रोसेसरवर. इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ही पिढी २०१७ सालात आली. आमचे दोन्ही संगणक सहाव्या पिढीचे. ओळखायला सोपे आहे. आय३-६१०० असा जो क्रमांक असतो, त्यातला आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी. आमच्याकडे तिथे ६ होता. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक नावाचा फुकट प्रोग्राम चालवला तर त्यानेही तेच सांगितले.

आमच्यातल्या एका इंजिनीअरिंगच्या पोराने लगेच उपाय काढला. तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येते, इंटरनेटवर रीत दिलेली आहे. ‘‘भाऊ, अर्ध्या तासाचे काम आहे,’’ तो म्हणाला. पोरगा हुशार आहे आणि त्याचे खोटेही नव्हते. पण कंपनीने स्वच्छ सांगितले होते की अपात्र संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच असे नाही. ज्या दुरुस्त्यांसाठी ही सगळी धावपळ, त्यांचीच हमी नाही. मी त्याला म्हटले, तुझ्या स्वतःच्या संगणकावर खुशाल कर. जिथे मावशी आपला ओटीपी वाचून दाखवतात तिथे नको.

आणखी एक वाट होती. घरगुती संगणकांसाठी कंपनीने एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ३० डॉलर भरा, किंवा आपल्या संगणकाच्या सेटिंग मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवून ठेवा, म्हणजे पैसे लागणार नाहीत. माझ्या मुलीचा लॅपटॉप मी असाच त्या मुदतीत बसवला. ती बारावीला होती. परीक्षेच्या वर्षात घरातला मुकादम बदलू नये असे आमच्या घरचे मत पडले आणि ते मत माझ्या पत्नीचे असल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही. पण ही सोय घरासाठी. अभ्यासिका घर नव्हे, आणि एका वर्षाने पुन्हा तोच प्रश्न उभा राहणार होता.

इथे एका हिशेबाच्या गोष्टीवर थोडे थांबतो. आयकराच्या नियमाने संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात. २०,००० रुपयांचा संगणक पहिल्या वर्षाअखेर वहीत १२,००० चा, मग ७,२०० चा, मग ४,३२० चा, चौथ्या वर्षाअखेर २,५९२ चा. कॉलेजात आम्ही ही गणिते घासून घासून केली. पण वहीतली किंमत उतरली म्हणून यंत्राचे काम उतरत नाही. आमच्या पतपेढीत १९८० च्या दशकातले एक लोखंडी कपाट आहे, वहीत त्याची किंमत १ रुपया. त्यात सगळ्यांचे कर्जरोखे आहेत. कार्यालये वहीकडे बघून संगणक काढतात, म्हणून तर आपल्याला ते स्वस्तात मिळतात. आणि शेवटी तो भंगारात गेला की त्याला फोडायला कोण बसते? दिल्लीच्या सीलमपूरला जाऊन बघा. वायरी जाळून तांबे काढणारी, शिशाच्या धुरात बसलेली पोरे कोणाच्या घरातली असतात, हे मी या पानावर सांगायला नको. चालता संगणक फेकायचा तर मला त्यासाठी दुकानदाराच्या कोटेशनपेक्षा चांगले कारण लागते.

आता लिनक्स. हा दुसरा मुकादम. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने त्याचा गाभा लिहायला घेतला, लोकांना खुला केला, आणि तेव्हापासून जगभरची माणसे त्यात भर घालत आली आहेत. त्याची अनेक रूपे आहेत. आम्ही त्यातले लिनक्स मिंट निवडले, कारण त्याची मांडणी विंडोजसारखी दिसते आणि जुन्या यंत्रावर ते चालते. २०२४ साली आलेल्या मिंटच्या २२ व्या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार असे बनवणाऱ्यांनी सांगितलेले आहे. म्हणजे तारीख त्यालाही आहे. फक्त पुढची आवृत्ती घ्यायला पैसे पडत नाहीत.

त्याची एक गोष्ट मला फार आवडली. पेनड्राईव्हवर घालून तो संगणकाला लावला तर काहीही न पुसता लिनक्स चालवून बघता येते. पसंत नाही पडले तर पेनड्राईव्ह काढा, विंडोज होती तिथेच आहे. असे आम्ही सप्टेंबरचे दोन आठवडे केले. एक वही ठेवली, काय चालले आणि काय अडले ते ज्याने त्याने लिहायचे. महाडीबीटी उघडले. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज गेला. मराठी टायपिंग झाले. अर्जाची पीडीएफ ठरलेल्या आकारात बसवता आली. प्रिंटर पहिल्या दिवशी रुसला, दुसऱ्या दिवशी चालला. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशी आपल्या नातीचा अर्ज भरायला आल्या होत्या. त्यांना विचारले, ‘‘मावशी, हा संगणक वेगळा वाटतो का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मला काय कळतंय बाबा, अर्ज गेला ना?’’ अडले ते एका ठिकाणी. अंगठ्याचा ठसा घ्यायचे आमच्याकडचे यंत्र लिनक्सवर चालेना, त्याचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच होते. वहीत तशी नोंद झाली.

माझे मन लिनक्सकडे झुकलेले होते, हे लपवत नाही. फुकट, कायदेशीर आणि जुन्या यंत्राला जीव देणारे. बाजारात चोरून बसवलेली विंडोज शे-दोनशे रुपयांत मिळते, ती नको या मताचा मी आधीपासूनच. पण बैठकीत गोदीत काम करणारे एक दादा उठले. एरवी ते बोलत नाहीत. म्हणाले, ‘‘जयभीम. मला संगणकातले कळत नाही. पण माझी मुलगी एमएस-सीआयटी करतेय. उद्या ती नोकरीला गेली तर तिथे काय असेल, विंडोज की हे? साहेबाच्या पोराने विकतचे शिकायचे आणि माझ्या पोरीने फुकटचे, असे का?’’

खोली शांत झाली. मी केरळचे उदाहरण सांगितले. तिथल्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षे मुले लिनक्सवरच शिकतात, राज्याने ते मुद्दाम ठरवून केले आहे, आणि तिथे गरिबाची पोरे नि श्रीमंताची पोरे असा त्यात भेद नाही. मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर लिनक्सवर चालतात, अँड्रॉइड मोबाईलच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे, म्हणजे दादांच्या खिशातही तो होताच. हे सगळे खरे. पण दादांचा प्रश्न यामुळे मिटत नव्हता. कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या कार्यालयात टायपिस्टच्या मुलाखतीला गेलेल्या मुलीसमोर केरळ ठेवत नाहीत, एक्सेल ठेवतात. आपल्याला स्वस्तातले, उरलेले, दुसऱ्याने वापरून टाकलेले पुष्कळदा मिळाले आहे. त्यामुळे फुकट म्हटले की माणूस आधी संशयाने बघतो, आणि त्या संशयाला कारण आहे. मी तत्त्वाचे बोलत होतो, ते मुलीच्या पगाराचे बोलत होते.

ताईंनी मग वाट काढली. म्हणाल्या, ‘‘तीनही एकसारखे का करायचे? घरात सगळ्यांना एका मापाचे कपडे शिवतो का आपण?’’ आणि खरोखर, आम्ही तोपर्यंत ‘विंडोज की लिनक्स’ असाच वाद घालत बसलो होतो. मग कागद घेतला आणि कुठले काम कुठल्या यंत्रावर होते ते लिहून काढले. काम बघून मुकादम ठरवायचा.

ठरले ते असे. दोन सहाव्या पिढीच्या संगणकांवर लिनक्स मिंट. अर्ज, दाखले, वाचन, टायपिंग तिथे. त्यांची जुनी हार्डडिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी घालायची आणि ४ जीबी रॅम वाढवायची, म्हणजे चहा होईपर्यंत संगणक सुरू होण्याची वाट बघावी लागणार नाही. एसएसडी दोन, १,७०० प्रमाणे ३,४००. रॅम दोन, १,१०० प्रमाणे २,२००. आणि एक विंडोज ११ चा संगणक घ्यायचा, एक्सेल-वर्डच्या सरावाला आणि अंगठ्याच्या यंत्राला. नवा नाही, पण आठव्या पिढीचा, दुरुस्त करून विकलेला. तो आणायला मी आणि तो इंजिनीअरिंगचा पोरगा एका शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो. मॉनिटरसकट १७,००० रुपये. पैसे देण्यापूर्वी पोराने तो सुरू करून पिढीचा आकडा पाहिला, टीपीएम पाहिले, विंडोजचे ॲक्टिव्हेशन खरे आहे का ते पाहिले, आणि एसएसडी तपासली. दुकानदार वैतागला, पण सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून दिली. जुने यंत्र घेणाऱ्याने या चार गोष्टी बघितल्याशिवाय खिशात हात घालू नये.

एकूण २२,६०० रुपये. शिल्लक १९,०००. चार मुलांच्या उसनवारीला १,००० कमी पडले, ते सप्टेंबरच्या वर्गणीतून भागले. चौघांचेही प्रवेश झाले. गोदीतल्या दादांची मुलगी आठवड्यातून तीन दिवस नव्या यंत्रावर बसते. उरलेल्या दिवशी ती मिंटवरच लहान मुलांचे अर्ज भरून देते, हे दादांना ठाऊक आहे की नाही, मी विचारलेले नाही.

राहिला तिसरा, विंडोज ७ चा म्हातारा. त्याला मिंट घाला, नाहीतर भंगारात द्या, असे दोन्ही पक्षांचे एकमत होते. मी आडवा पडलो. कारण त्यात गुरुजींची यादी आहे. आमचे गुरुजी नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि मग वस्तीतल्या घराघरात फिरून त्यांनी नोंदी केल्या. कुठले कुटुंब कुठल्या साली इथे राहायला आले, कुठल्या गावाहून, रेशनकार्ड कधीचे, मतदार यादीत नाव कोणत्या सालापासून. ३४० पाने त्यांनी एका बोटाने टाईप केली. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घरासाठी १ जानेवारी २००० च्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो, तेव्हा या नोंदींचे मोल काय हे वेगळे सांगायला नको. यादी म्हणजे सरकारी पुरावा नव्हे. पण कुठला पुरावा कुठे शोधायचा, हे तिच्यावरून कळते. गुरुजी २०१६ साली वारले.

अडचण अशी की ही पाने जुन्या फाँटमध्ये आहेत. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी मराठी टायपिंगची जी पॅकेजे होती, त्यांत संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवले जात आणि वर मराठी अक्षराचे चित्र दिसे. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाईल उघडा, ‘गायकवाड’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. गुरुजींचा फाँट आणि त्याचा कीबोर्ड त्या एकाच यंत्रात होता. मूळ सीडी सापडत नव्हती. ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे म्हणजे जुन्यावरून नव्यावर जाणे एवढेच आपण समजतो, पण जाताना मागे काय राहते तेही बघावे लागते.

म्हणून त्या यंत्राची इंटरनेटची वायर आम्ही कायमची काढली. जाळ्यात नाही, तर बाहेरून कोणी शिरायची भीतीही नाही. दुसऱ्याचा पेनड्राईव्ह लावायचा नाही, अशी चिठ्ठी वर चिकटवली. मग प्रत्येक पान त्याच फाँटमध्ये कागदावर छापले आणि फाँटसकट पीडीएफ करून ठेवले. त्याच्या तीन प्रती, एक अभ्यासिकेत, एक माझ्याकडे, एक ताईंकडे. आता मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे, म्हणजे तो कुठल्याही मुकादमाच्या हाताखाली, मोबाईलवरसुद्धा वाचता येईल. त्यासाठी फाँट बदलून देणारे प्रोग्राम आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हे त्यांचे हाडवैरी. कार्यालयाचे ‘कायार्लय’ होते, ते वाचताना सांभाळून घेता येते. पण सूर्यवंशीचे ‘सूयर्वंशी’ झाले आणि ते तसेच अर्जात गेले, तर आधारवरचे नाव एक आणि यादीतले नाव दुसरे, आणि त्या रफारासाठी तहसील कार्यालयाच्या किती फेऱ्या पडतात हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? म्हणून प्रत्येक नाव छापील कागदाशी ताडून बघावे लागते.

हे काम दहावी-अकरावीच्या मुली करतात. रविवारी सकाळी १० वाजता बसतात, एक कागदावरून वाचते, दुसरी पडद्यावर तपासते. मध्येच एखादीला आपल्या आजीचे नाव सापडते, सोबत आजी कुठल्या साली परभणीहून की जालन्याहून आली तेही सापडते, मग अर्धा तास कामच होत नाही. ३४० पैकी १९० पाने झाली आहेत. ज्या वडीलधाऱ्यांना जुनी माणसे आठवतात त्यांनी येऊन बसावे, म्हणजे शंका लगेच फिटतात. येताना चष्मा मात्र आणावा, आमच्या प्रिंटरची शाई तेव्हा संपत आली होती आणि मधली साठेक पाने फार फिकी उमटली आहेत.